खुनानंतरचं घर: पहिल्या रात्रीपासून शेवटच्या तारखेपर्यंत

जिल्हा रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून मी बावीस वर्षं काढली. या पदाचं काम नेमकं काय, हे बाहेर कुणाला कळत नाही. आतही सगळे ‘मॅडम, जरा नातेवाइकांकडे बघा’ एवढंच म्हणायचे. मर्डरची केस आली की शवागाराबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर माझी ड्युटी लागायची. बाकाच्या एका टोकाला घरचे आणि दुसऱ्या टोकाला बॉडीबरोबर आलेला हवालदार. समोरच्या नळावर १०८ चा पायलट स्ट्रेचर धुताना दिसायचा. (अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला पायलटच म्हणतात.) तिघांनी त्या दिवशी एकच दृश्य पाहिलेलं असायचं आणि एकमेकांकडे बघायचं मात्र तिघंही टाळायचे.

आजारपणात माणूस गेला तर घरात दुःख येतं. खून झाला तर दुःखाबरोबर फाईलही येते. पंचनामा, जबाब, रिमांड, जामीन, तारखा. ही फाईल पाच-सात वर्षं, कधी त्याहूनही जास्त चालते आणि दर तारखेला खपली निघते. म्हणून माझा सगळा सल्ला एका गोष्टीभोवती फिरतो: फाईल एकाच्या हातात द्या आणि बाकीच्यांना रडू द्या. जी घरं मी सावरताना पाहिली, त्यांतल्या बहुतेकांनी हे कळत-नकळत केलं होतं.

शवागाराबाहेरची रात्र

संध्याकाळनंतर घटना घडली असेल तर बॉडी सकाळशिवाय मिळणार नाही, असंच धरून चला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतरच्या शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेलं शव आणि घातपाताचा संशय या केसेस त्यातून वगळल्या. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न उभा राहिला तरच त्यांची शवविच्छेदनं रात्री होतात. हे कुणी सांगत नाही, म्हणून अख्खं कुटुंब रात्रभर बाकावर बसून राहतं. दोघांनी थांबा, दोन-दोन तासांनी बदला, बाकीच्यांना घरी पाठवा. ‘त्याला एकट्याला सोडून कसं जायचं’ हा प्रश्न येतोच. माझं उत्तर ठरलेलं असायचं: इथे पोलीस आहे, मी आहे, आणि उद्या तुम्हाला उभं राहायचंय.

ओळख पटवायला कोण जाणार, हे आधी ठरवा. पुरुषच जाणार आणि आईला दाखवायचंच नाही, असा रिवाज असतो. मला तो पटत नाही. ज्यांना बघू दिलं नाही, अशा बायका दहा-दहा वर्षांनी मला विचारायला आल्या आहेत, ‘तोंडावर लागलं होतं का हो?’ बघायचं की नाही हे त्या माणसाला विचारा. बघायचं असेल तर आत जाण्याआधी नेमकं वर्णन करा: डोळा सुजलाय, मानेवर पट्टी आहे, अंग थंड लागेल. शवागारातल्या कर्मचाऱ्याला सांगितलं तर तो चेहरा पुसून चादर हनुवटीपर्यंत घेतो. त्याला सांगावं मात्र लागतं.

त्या रात्रीच्या कागदांत दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. मयताचं नाव आधार कार्डावर आहे तसंच पंचनाम्यात येऊ द्या. एका वेलांटीच्या फरकाने पुढे मृत्यूचा दाखला, विमा आणि बँक असे तीन ठिकाणी हेलपाटे पडतात. आणि फिर्याद पूर्ण वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. जे पाहिलं नाही ते ‘पाहिलं नाही’ असंच सांगा. शोकाच्या भरात कुणीतरी कानात सांगितलेलं आपलं म्हणून लिहून द्यायचं आणि तीन वर्षांनी उलटतपासणीत त्यावरच अडकायचं, हे मी बघितलंय. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. वहीच्या पहिल्या पानावर पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक, कलम, तपास अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाईल लिहून ठेवा. १ जुलै २०२४ पासून खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं, पण ठाण्यात अजून ‘३०२ ची केस’ असंच ऐकू येईल. गोंधळू नका.

शवविच्छेदनाच्या कागदावर ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असं असेल तर घाबरून जाऊ नका. तपासणीसाठी नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि अंतिम मत नंतर येईल, एवढाच त्याचा अर्थ.

शरीराचंही बघा. पाणी आणि साखरेचा चहा द्या. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या त्या रात्री हमखास राहतात. आणि कुणीतरी पर्समधून झोपेची अर्धी गोळी काढतंच. ती देऊ नका. अशा धक्क्यानंतरची लक्षणं कमी करायला पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपिन गटातल्या (झोपेच्या, शांत करणाऱ्या) गोळ्या देऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१३ चा सल्ला आहे. द्यायचीच वेळ आली तर ते डॉक्टर ठरवतील, शेजारच्या काकू नाही.

‘सीरियस आहे, लगेच निघा’

मृत्यूची बातमी फोनवर अशीच द्यायची, ही आपली जुनी पद्धत. तिच्यामागे माया आहे, मान्य. पण पुण्याहून निघालेला भाऊ सहा तास नवस बोलत येतो, उतरतो तेव्हा दारात चपलांचा ढीग दिसतो, आणि आपल्याला खोटं सांगितलं हे तो विसरत नाही. शिवाय आता त्याच्याआधी व्हॉट्सअॅपवर बातमी पोचते, फोटोसकट.

पोलीस असा की नातेवाईक, क्रम हा ठेवा. आधी नाव आणि ओळख दोनदा पडताळा. शक्य असेल तर प्रत्यक्ष जा, दोघं जा. बसायला सांगा. एका वाक्यात सांगा: ‘तुमच्या मुलावर हल्ला झाला आणि तो वारला.’ ‘काहीतरी झालंय’ नको, ‘बॉडी’ नको, मुलाचं नाव घ्या. मग गप्प राहा. माणूस लांब असेल तर आधी त्याच्या जवळच्या मित्राला फोन करा, त्याला तिथे पोचू द्या आणि मग सांगा. गाडी त्याला चालवू देऊ नका.

मुलांना खरं सांगायचं, हे बहुतेक घरांत सगळ्यांत अवघड जातं. ‘बाबा झोपलेत’ असं सांगितलेलं पोर पुढे झोपायला घाबरतं. ‘गावाला गेलेत’ म्हटलं तर दाराशी बसून राहतं. पाच-सहा वर्षांच्या मुलालाही सांगता येतं: ‘एका माणसाने बाबांना खूप मारलं. बाबा मेले. ते परत येणार नाहीत. पोलीस त्या माणसाला शोधतायत. तुझ्याजवळ आजी आहे.’ मग मूल भलतंच काहीतरी विचारतं. सात वर्षांच्या एका मुलाने मला विचारलं होतं, ‘बाबांचा मोबाईल कुणाकडे आहे?’ मोबाईल मुद्देमालात जमा होता. मी तसंच सांगितलं. ‘मग चार्ज कोण करणार?’ म्हणाला आणि खेळायला गेला. मुलं दुःख असं हप्त्याहप्त्याने करतात. त्याला ‘याला काही कळत नाही’ म्हणू नका.

बायकोच्या बाबतीत आणखी एक. बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला बायका जमतात तेव्हा ती स्वतः काही बोलण्याच्या अवस्थेत नसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. भांडायला बळ नसेल तर एवढंच म्हणा, ‘आज नको, ती शुद्धीवर आली की तिला विचारू.’

खोली कुणी धुवायची

गुन्हा घरात घडला असेल तर पोलीस पंचनामा करून, न्यायवैद्यक पथक नमुने घेऊन जातं आणि रक्त तसंच राहतं. ते साफ करणं कुणाचंच काम नसतं, आणि घरच्यांना हे पाहुणे निघून गेल्यावर कळतं. आधी तपास अधिकाऱ्याला स्पष्ट विचारा, ‘आता जागा धुतली तर चालेल का?’ होकार मिळाल्यावर घरातल्या कुणीही ते करू नये. शेजारचे दोघे, लांबचा चुलतभाऊ, मंडळाची पोरं, कुणीही चालेल. हातमोजे, मास्क, जुनी चादर. पाणी थंड घ्या, गरम पाण्याने डाग बसतो. साबणाने धुऊन मग ब्लीचिंग पावडरचं पाणी दहा मिनिटं राहू द्या आणि पुसा. त्यात टॉयलेट साफ करायचं अॅसिड मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. गादी, उशी टाकून द्या. पण साफसफाईच्या झपाट्यात त्या माणसाची सगळी वस्त्रं बोहारणीला देऊन टाकू नका. एक शर्ट न धुता ठेवून द्या. वासासाठी कुणीतरी तो मागतं.

जे आधी पोचतात त्यांच्यासाठी

आता बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे. पोलीस, १०८ चे डॉक्टर आणि पायलट, अग्निशमन दलाचे जवान, शवागारातला कर्मचारी, शिवाय पंच म्हणून उभा केलेला पानटपरीवाला आणि जखमीला घेऊन आलेला रिक्षावाला. शेवटच्या दोघांना तर कुणी मोजतच नाही.

या मंडळींना रक्ताची सवय झालेली असते. रुतून बसते ती दुसरीच एखादी गोष्ट. एका हवालदाराने सांगितलं होतं: मयताच्या खिशात फोन वाजत होता, थांबायचा आणि पुन्हा वाजायचा, आणि पडद्यावर ‘आई’ असं नाव. पंचनाम्याआधी हात लावता येत नव्हता. त्यानंतर दोन महिने घरात कुणाचाही फोन वाजला की तो उठून गॅलरीत जायचा. बायकोला वाटायचं, बाहेर काही भानगड आहे.

ड्युटी संपली की थेट घरी जाऊ नका. ठाण्यातच किंवा डेपोत तोंड-हातपाय धुवा, कपडे बदला, काहीतरी खा. जो बरोबर होता त्याच्यासोबत पंधरा मिनिटं बसा. बोलायचं तर बोला, नाही तर नुसता चहा घ्या. सगळ्यांना गोल बसवून ‘काय वाटलं ते सांगा’ अशी एकदाची सक्तीची बैठक मात्र घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनाच तिची शिफारस करत नाही. बळजबरीने सांगायला लावलं की काहींचं उलट बिघडतं.

वरिष्ठांसाठी: ‘ठीक आहेस ना?’ विचारलं की ‘होय साहेब’ एवढंच येणार. त्याऐवजी विचारा, ‘काल झोप किती लागली?’ आकडा खरा सांगतात. लहान मुलाचा खून पाहून आलेल्याला, विशेषतः त्याच वयाचं मूल घरात असेल तर, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसल्याच कॉलवर पाठवू नका. सुट्टी देता येत नसेल तर निदान टेबलावर बसवा.

पहिले तीन-चार आठवडे वाईट स्वप्नं, दचकणं, चिडचिड, जेवणावरून मन उडणं हे सगळं होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. महिना उलटल्यावरही दृश्य डोळ्यांसमोर आपोआप उभं राहत असेल, त्या रस्त्याने जाणं टाळत असाल, रोज दारूच्या क्वार्टरशिवाय झोप येत नसेल, पोरांवर हात उठत असेल, तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जा. स्वतःचं काही बरंवाईट करावंसं वाटत असेल तर महिन्याची वाट बघू नका. त्याच दिवशी सर्व्हिस वेपन जमा करा आणि कुणाला तरी सांगा. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ‘रेकॉर्डवर येईल’ ही भीती मी जाणते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. तरीही साहेबांना कळू नये असं वाटत असेल तर शेजारच्या जिल्ह्यात दाखवा. काही जण तेच करतात, आणि उपचार न घेण्यापेक्षा ते बरंच.

दहाव्यानंतर

दहावा-तेरावा होईपर्यंत घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी टिफिन बंद होतात आणि तेव्हाच आरोपीच्या जामिनाची बातमी येते.

फाईल कुणी सांभाळायची हे आता ठरवा. आई-वडील नको, जोडीदार नको. मामा, मेहुणा, मोठी पुतणी, असा थोडा अंतरावरचा पण चिकाटीचा माणूस हवा. पोलीस, वकील आणि पत्रकार यांनी फक्त त्याच्याशीच बोलायचं. त्याने आठवड्यातून एकदा, दिवसा, पंधरा मिनिटांत घरच्यांना काय चाललंय ते सांगायचं. रात्री जेवताना केसचा विषय बंद. हा नियम कागदावर लिहून भिंतीवर लावलेलं एक घर मला माहीत आहे.

त्याने कशावर लक्ष ठेवायचं? पोलिसांनी ९० दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवली पाहिजे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते. कायद्यात ‘पीडित’ म्हणजे वारसही आले. खुनात आरोपीच्या पहिल्या रिमांडपासून ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. ती तारीख कॅलेंडरवर लाल करा आणि दहा दिवस आधीपासून विचारायला लागा. जामिनाला विरोध करण्यासाठी तुमचं म्हणणं न्यायालयाने ऐकावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खीरी प्रकरणात स्पष्ट केलं. सरकारी वकिलाला साहाय्य करायला स्वतःचा वकील देता येतो. परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता वकील मिळतो. फोन १५१००.

पैशाचं बोलायला लोक संकोचतात, ‘पोराच्या जिवाची किंमत घेऊ का?’ म्हणतात. घ्या. त्यातून शाळेची फी जाते. पीडित भरपाईचा अर्ज याच प्राधिकरणाकडे करायचा आणि आरोपी सापडला नसला तरी करता येतो. अॅट्रॉसिटी कायद्याखालचा खून असेल तर सव्वाआठ लाख रुपयांचं वेगळं साहाय्य आहे: अर्धं शवविच्छेदनानंतर, अर्धं दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर.

बापाने आईला मारलं, अशा घरांत मुलं एका रात्रीत दोघांना गमावतात आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा त्यांना ओढतात. तिथे बालकल्याण समितीकडे जाणं टाळू नका, १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करा. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलाला सांभाळणाऱ्या नातेवाइकाला दरमहा अनुदान मिळतं. आणि मुलांसमोर बापाला शिव्या देऊ नका. ती त्याचीही असतात.

उपचारांबद्दल थोडक्यात. दृश्य सारखं डोळ्यांसमोर येत असेल तर आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन चिकित्सा (बोलून विचार आणि वागणं हळूहळू बदलायची पद्धत) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत ती आठवण हाताळायची पद्धत) या दोन पद्धतींचा उपयोग होतो. दोन्ही आठवड्याला एक, अशा बैठकांत चालतात. सिव्हिलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, केसपेपर काढा आणि जा. ‘येरवड्याला पाठवतील’ ही भीती अजून आहे. ओपीडीत आलेल्याला कुणी कुठे उचलून पाठवत नाही. दुःख वर्षभरानंतरही पहिल्या आठवड्याइतकंच तीव्र असेल, रोजचं काम होत नसेल, तर त्याला दीर्घ शोकाचा विकार म्हणतात आणि त्यावरही उपचार आहेत. पण खुनाच्या घरात वर्षाचा हिशेब जरा सैल धरा. दर तारखेला घड्याळ मागे जातं.

घरातल्या तरुण पोराकडे वेगळं लक्ष द्या. ‘आम्ही आहोत, तू फक्त सांग’ म्हणणारे दादा-भाई दुसऱ्याच दिवशी गल्लीत येतात. त्या पोराला कामाला लावा, रोज कुठेतरी पाठवा, रात्री एकटा ठेवू नका. आणि ‘त्याचंच काहीतरी असेल’ अशी कुजबुज कानावर आली तर उत्तर देत बसू नका. ज्यांना स्वतःच्या घरी असं होणार नाही याची खात्री हवी असते, तेच बहुधा हे बोलतात.

तारखेचा दिवस

आदल्या रात्री झोप येत नाही आणि परतल्यावर दोन दिवस अंग दुखतं. हे जमेस धरूनच सुट्टी टाका. दोघं जा. डबा न्या. आरोपीचे नातेवाईक त्याच कॉरिडॉरमध्ये असतात. फाईलवाल्याने आधी जाऊन लांबचा बाक बघून ठेवावा. धमकी येत असेल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे. तिचा अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो.

सरकारी वकिलाला आधीच सांगा, ‘फोटो दाखवणार असाल तर आम्हाला खूण करा.’ त्या वेळी उठून बाहेर जाता येतं. साक्ष द्यायची असेल तर न आठवणाऱ्याला ‘आठवत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. चक्कर आल्यासारखं झालं तर पाय फरशीवर दाबा, समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजा, पाणी मागा. न्यायाधीश देतात.

कॉरिडॉरमध्ये तो हवालदारही असतो, दोन बदल्या होऊन, दुसऱ्या जिल्ह्यातून समन्सवर आलेला. त्यालाही त्या रात्री परत जायचं असतं. एकदा एक आई त्याच्या शेजारी जाऊन बसली. ‘त्या रात्री तुम्हीच होतात ना त्याच्यापाशी?’ तो हो म्हणाला. ‘थंडी होती,’ ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला, ‘चादर मी घातली होती.’ यापुढे दोघं बोलले नाहीत, पण पुकारा होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली. ही भेट कुणी घडवून आणू नये, दोघांनाही ते झेपेलच असं नाही. झाली तर मध्ये पडू नका.

निकाल दोन्ही बाजूंनी जाऊ शकतो. सुटका झाली तर पीडितालाही अपिलाचा हक्क आहे, मुदत वकिलाला त्याच दिवशी विचारा. शिक्षा झाली तर पेढे वाटले जातात आणि आठवड्याभरात घरात विचित्र रितेपण येतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी उठत होतो तेच संपलेलं असतं. त्या महिन्यात समुपदेशकाची एक वेळ आधीच घेऊन ठेवा.

मुद्देमालातल्या वस्तू, म्हणजे घड्याळ, अंगठी, मोबाईल, न्यायालयात अर्ज केल्यावर परत मिळू शकतात. काही वस्तू खटला चालू असतानाही मिळतात. त्या सीलबंद पाकिटात येतात आणि त्यावर डाग असू शकतात, म्हणून पाकीट फाईलवाल्यानेच उघडावं. फोन सुरू करायचा की नाही, कुणी करायचा, त्यातले शेवटचे मेसेज कोण वाचणार, हे घरी आधी ठरवा. आणि जुन्या पिनचा चार्जर शोधून ठेवा. इतक्या वर्षांनी तो घरात नसतो.